पिवळी पिन आणि उडालेली पाखरं

वहिनी, तुमच्या त्या बंदुकीच्या नळीत काच कशाला होती, ते मला आता कळलंय.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हा मी शाळेत होतो आणि तुम्ही आमच्या बेंबळीच्या घरात नव्यानंच नांदायला आला होतात. मी अकरावीला विज्ञान घेतलं तेव्हा पुन्हा विचारलंत. बीएस्सी झालो, पेढा तुमच्या हातावर ठेवला, तो तोंडात टाकता टाकता परत तेच. धाराशिवला शाळेत विज्ञान शिकवायला लागलो तेव्हाही सोडलं नाहीत. मी दर वेळी एकच उत्तर देत गेलो की बंदुकीतून किरण सुटतात. तुम्ही मान तिरकी करून म्हणायचात, "बघा बरं अजून एकदा, भावजी."

आता बघितलं. सांगायला जरा उशीर झाला. पाहुण्यांनी भरलेलं घर रिकामं होत आलंय, दादा ओसरीवर बसून असतो, तुमची सोनाली आतबाहेर करते, आणि माझ्याजवळ हे उत्तर नुसतं पडून आहे. प्रश्न ज्याचा, उत्तर त्याचं. म्हणून तुम्हालाच लिहितोय.

आलेली माणसं तुमच्या हाताच्या चवीबद्दल बोलून गेली. तुम्ही शिवलेल्या ब्लाउजांबद्दल आणि दुखण्यातही न कुरकुरण्याबद्दल बोलून गेली. सगळं खरं आहे. पण माझ्या मनात तुमचं पहिलं चित्र वेगळंच आहे. डोक्यावरचा पदर सावरत तुम्ही टीव्हीच्या पाठीमागं वाकून उभ्या आहात.

टीव्ही तुमचाच होता. तामलवाडीहून लग्नात तुमच्यासोबत आलेला, रंगीत, मागं पोट सुटलेला. त्याच वर्षी मामा सोलापूरहून माझ्यासाठी व्हिडिओ गेम घेऊन आला. एक डबा, दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि एक जाडजूड कॅसेट. सोबतच्या कागदावर चिनी अक्षरं होती, त्यामुळं तो कागद आम्हाला निरुपयोगी. दादानं वायर हातात धरून उलटसुलट केली आणि हे आपल्या टीव्हीला चालत नाही असं सांगून तो शेतात निघून गेला. दादाचं तसंच असायचं. एखादी गोष्ट चालत असली तर ती का चालते हे त्याला नको असायचं आणि चालत नसली तर का चालत नाही हेही नको असायचं. आईही खुरपायला गेली. मी रडवेला होऊन बसलो होतो. तुम्ही भांडी पालथी घातली, हात पुसले आणि टीव्ही भिंतीपासून ओढून फिरवलात.

"टीव्हीचं तोंड समदे बघत्यात," तुम्ही म्हणालात, "पाठ कोण बघत न्हाय."

पाठीवर एक पिवळं भोक होतं आणि एक पांढरं. वायरीच्या टोकाला पिवळी पिन आणि पांढरी पिन. पिवळ्यात पिवळी घातली, पांढऱ्यात पांढरी. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. मग तुम्ही पुढचं छोटं झाकण उघडून एकेक बटण दाबत गेलात. दाबायचं, थांबायचं, माझ्याकडं बघायचं, मी मान हलवली की पुढचं. एका बटणानं आवाज गेला, एकानं सगळा पडदा हिरवा झाला, आणि एव्ही लिहिलेल्या बटणानं मुंग्या एकदम नाहीशा होऊन खेळाची यादी आली. मी उड्या मारत होतो. तुम्ही मात्र तेवढ्यावर थांबला नाहीत. पिवळी पिन काढून तुम्ही मुद्दाम पांढऱ्या भोकात घातलीत. चित्र गेलं आणि टीव्ही घर्रर्र करून घोरायला लागला. मी घाबरलो. तुम्ही मला रिमोटचं बटण दाबायला सांगितलंत. मी दाबलं तसा घोरण्याचा सूर बदलला.

"चित्र असं वाजतंय व्हय," तुम्ही हळूच म्हणालात.

वहिनी, पुढं मी कितीतरी प्रयोग केले, शिकवले. पण ज्याची गरज नाही असं काहीतरी करून बघायचं, हे मी त्या दुपारी शिकलो.

मग बंदूक. तिची वायर डब्यात खोचली. पडद्यावर गवत, आभाळ आणि त्यातून उडणारी पाखरं. चाप ओढला की पाखरू पडायचं, म्हणजे पडायला हवं होतं. माझ्यानं एकही पडेना. माझा नेम तेव्हाही नव्हता, आताही नाही. मी बंदूक तुमच्याकडं दिली. तुम्ही उभ्या राहिलात, एक डोळा मिटलात, चाप ओढलात. पाखरू उडून गेलं. दुसरं उडून गेलं. तिसरंही गेलं. मी जोरात हसलो आणि हरलात म्हणून चिडवलं.

तुम्हाला खरंच आश्चर्य वाटलं. "हरले कशी? उडाली की सगळी."

तेव्हा मला कळलं की लग्नाआधी तामलवाडीच्या शेतात ज्वारी राखायला माळ्यावर तुम्हीच बसायचात, हातात गोफण घेऊन. तुमच्या वडलांनी तुम्हाला शिकवलं होतं की दगड पाखराच्या अंगावरून जायला पाहिजे, अंगावर नाही. पाखरू कणसावरून उठलं की काम झालं. जीव घ्यायचा नाही. मारलं तर दुसरी येतातच, वर पाप लागतं. म्हणजे तुम्ही नेम चुकवत नव्हतात. पाखराच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर तुम्ही अचूक नेम धरत होतात आणि ती चिनी कॅसेट तुम्हाला प्रत्येक वेळी शून्य देत होती.

"ह्या मशिनीला राखण म्हाईत न्हाय," असा निकाल तुम्ही दिलात. मग माझं समाधान व्हावं म्हणून पुढची सगळी पाखरं एकामागून एक पाडलीत, आणि बंदूक माझ्या हातात देऊन चहा ठेवायला गेलात.

त्यावरून आपण कितीदा भांडलो. माझं म्हणणं, खेळाचा नियम खेळानं ठरवायचा. तुमचं म्हणणं, पाखरू पिकावरून गेलं तर जिंकलं कोण, राखणारा का पाखरू? शेवटी तुम्ही एक तोड काढलीत. डाव सुरू झाला की पहिलं पाखरू तुम्ही मुद्दाम उडवायचात, बाकीची मला दाखवायला पाडायचात. आणि अशाच एका डावानंतर बंदूक पुसताना तुम्ही नळीला डोळा लावलात आणि आत काच आहे म्हणालात. गोळी सुटायच्या वाटेत काच कशाला ठेवतील? किरण सुटतात म्हणून मी सांगितलं, तर किरण दिसत का नाहीत? मी म्हणालो, टीव्हीच्या रिमोटचेही दिसत नाहीत. तुम्ही परत नळीला डोळा लावलात. पटलं नव्हतं तुम्हाला.

दहावीनंतर मी शेतात दादाच्या हाताखाली राहावं असं आईला वाटत होतं. तुम्ही भाकरी थापता थापता आईला म्हणालात, "घाला की शेतात, आत्याबाई. पण भावजी पेरायच्या आधी बियाला इचारत बसतील, तू का उगवतंस म्हणून. तवर हंगाम निघून जाईल."

आई हसली. माझं कॉलेज त्या हसण्यात ठरलं. आपल्या घराण्यात पदवी माझ्या आधी कुणी घेतली नव्हती. लोक विचारतात तुला कुणी शिकवलं, तेव्हा मी शिक्षकांची नावं सांगतो आणि तुमचं सांगायचं राहून जातं. मी धाराशिवला खोली करून राहिलो तेव्हा सकाळच्या एसटीत ड्रायव्हरच्या मागं तुम्ही डबा ठेवायचात. स्टँडवर सगळ्या गावांचे डबे एकदम उतरायचे, सारख्याच स्टीलचे. माझा मला लांबून ओळखू यायचा, कारण तो ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांच्या फडक्यात बांधलेला असायचा, रोज वेगळ्या रंगाच्या. पोरं हसायची. मी कधी तुम्हाला सांगितलं नाही की त्यांच्या हसण्याचं मला काही वाटायचं नाही. कुणाच्या तरी लग्नाचा पिवळा, कुणाच्या तरी डोहाळजेवणाचा हिरवा, गावात काय चाललंय ते मला डब्यावरून कळायचं.

आता गेल्या दिवाळीचं.

तुमच्या किडनीचं दुखणं सुरू होऊन बराच काळ झाला होता. धाराशिवच्या दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या, हात सुजायचे, तरी दिवाळीच्या तोंडावर गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज तुम्ही शिवत होतात. दादानं तुमच्यासाठी म्हणून नवा टीव्ही घेतला होता, भिंतीवरचा, सपाट. जुना दुकानदाराला बदल्यात दिला. मी सुट्टीला आलो आणि पोटमाळ्यावर खोक्यात तो व्हिडिओ गेम सापडला. तुम्हाला बरं वाटेल म्हणून मी तो खाली काढला. डबा पुसला, पिना रॉकेलच्या बोळ्यानं घासल्या आणि टीव्हीच्या मागं हात घातला. पिवळं भोक कुठंच नव्हतं.

तुम्ही खुर्चीवरून बघत होतात. "ह्याला पाठच न्हाय व्हय?" तुम्ही विचारलंत.

दुसऱ्या दिवशी मी धाराशिवला जाऊन एक छोटी डबी आणली. तिच्या एका बाजूला पिवळ्या-पांढऱ्या पिना जातात, दुसऱ्या बाजूनं नव्या टीव्हीची चपटी वायर निघते. ही डबी मध्ये काय करते, हे तुम्ही मला विचारलंत आणि मी सांगितलं की जुन्या चित्राचं नव्या टीव्हीला समजेल असं भाषांतर करते. तुम्हाला ते आवडलं. चित्र आलं, पण आडवं ताणून. गवत पसरलं, आभाळ पसरलं.

"पाखरं लई जाड झाल्यात," तुम्ही म्हणालात. "औंदा ज्वारी चांगली पिकली म्हणायची."

सोनाली हसत होती. लहानपणापासून तिनं आईच्या नेमाच्या गोष्टी ऐकल्या होत्या, बघितलं कधीच नव्हतं. तुम्ही बंदूक घेतलीत. पहिलं पाखरू उडालं. मी आणि सोनालीनं एकमेकांकडं बघितलं, ही तुमची रीत. दुसरंही उडालं. मग तिसरं. तुम्ही खुर्ची पुढं ओढून घेतलीत. एक डोळा मिटलात, मग दुसरा मिटून बघितलंत. एकही पाखरू पडेना. सोनाली हसायची थांबली. मी बंदूक घेऊन दोनचारदा चाप ओढला, माझंही काही लागलं नाही. पण माझं न लागणं हा काही पुरावा नव्हता.

दादा दारात उभा होता. तो जवळ आला आणि फार मायेनं बोलला. "राहू दे आता. हात थरथरायलाय तुझा."

तुम्ही तुमच्या हाताकडं बघितलंत. मग बंदुकीची वायर नीट गुंडाळून ती खोक्यात ठेवलीत. "नजर गेली म्हणायची," एवढंच, तेही हसत. आणि चहा ठेवायला उठलात.

दिवाळीनंतर तुम्ही कापड बेतायचं सोडलंत. सोनालीनं फोनवर सांगितलं की आलेले ब्लाउजपीस तुम्ही परत पाठवता, माझ्या कात्रीचा आता भरवसा नाही म्हणता. दादानं शिलाई मशीन ओसरीवरून उचलून आतल्या खोलीत नेलं आणि वर चादर टाकली, म्हणजे तुम्हाला मोह व्हायला नको. मला वाटलं, दुखणं वाढलंय. आम्हा सगळ्यांना तेच वाटलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तुम्ही गेलात.

तुमचे दिवस झाल्यावर मी ते खोकं माझ्यासोबत धाराशिवला आणलं. का आणलं, सांगता येत नाही. आमच्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत एक जुना पोटाचा टीव्ही आहे. पूर्वी त्यावर पोरांना शैक्षणिक कॅसेटी दाखवायचे. परवा शाळा सुटल्यावर मी तिथं गेलो, पिवळ्यात पिवळी घातली, पांढऱ्यात पांढरी. ताणलेलं नसलेलं ते जुनं चित्र एकदा बघावं, एवढंच मनात होतं. गवत आलं, आभाळ आलं. मी बंदूक उचलली आणि चाप ओढला.

पाखरू पडलं.

मी पुन्हा ओढला. दुसरंही पडलं. वहिनी, माझ्या हातानं, ज्याला आयुष्यात नेम नव्हता. तसाच उठून सगळं घरी नेलं, डबी लावली, माझ्या भिंतीवरच्या टीव्हीला जोडलं. अगदी काचेला नळी टेकवून चाप ओढला. एकही नाही. मग मी शोधायला बसलो. वाचलं, तुमच्यासारखं झाकण उघडून बघितलं, आणि कळलं ते असं.

त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही. गोळी नाही, किरणही नाही. ती बघते. आतली काच म्हणजे तिचा डोळा. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पाखराच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, इतका थोडा वेळ की आपल्याला नुसतं लुकलुकल्यासारखं वाटतं. बंदुकीला तो उजेड दिसला तर पाखरू पडतं, नाही दिसला तर उडतं. जुना टीव्ही चित्र आलं की आलं तसं दाखवायचा. आताचा टीव्ही चित्र आधी स्वतःजवळ घेतो, झाडतो, पुसतो, मग दाखवतो. उशीर पापणी लवण्याएवढाही नसतो, पण तेवढ्यात बंदूक बघून मोकळी झालेली असते आणि तिला अंधारच दिसलेला असतो. दिवाळीच्या त्या दिवशी तिथं तुमच्या जागी कुणीही असतं तरी एक पाखरू पडलं नसतं.

तुमचा हात थरथरत असेलही. पण पाखरं त्यामुळं उडाली नव्हती. नजर तर गेलीच नव्हती.

आता मला एक गोष्ट काही केल्या कळत नाही आणि ती कुठं शोधायची तेही कळत नाही. तुम्हाला त्या दिवशी काय वाटलं? मनाला बरं वाटावं म्हणून मी म्हणू शकतो की तुम्ही सगळीच पाखरं मुद्दाम उडवलीत, जुन्या सवयीनं. पण तुम्ही हाताकडं बघितलंत तेव्हाचा तुमचा चेहरा मी बघितलाय. तसं खोटं समाधान तुम्हीच मला करू दिलं नसतं. तुम्ही चहा टाकला तेव्हा साखर विसरला होतात, तेही आठवतंय. आणि असंही असेल की चहा उकळेपर्यंत तुम्ही ते सोडून दिलं असेल आणि विचार करत असाल तो त्या छोट्या डबीचा. काहीही असेल.

राहिला दादा. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत होता, शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं. हे सांगताना त्याच्या आवाजाला एक आधार असायचा. आपण वेळेवर ओळखलं, कात्री हातातून घेतली, तिला जपलं. त्याचं दुःख या वाक्यावर टेकून उभं होतं. मी खरं सांगितलं तर ते वाक्य जाणार होतं. मशीनवर टाकलेल्या त्या चादरीचं मग त्यानं काय करायचं? दोन मनं होत होती. न सांगावं तर तुम्ही कायमच्या नजर गेलेल्या राहणार, आपल्याच घरात.

काल गेलो आणि सांगितलं. ओसरीवर, सोनाली समोर होती. सगळं सांगितलं, काळा पडदा, पांढरा चौकोन, काच. दादा अंगणाकडं बघत बसला होता. मला वाटलं, नेहमीसारखं, का आणि कसं त्याला नकोय. मग तो म्हणाला, "म्हंजी तिला दिसत हुतं."

"दिसत होतं, दादा."

तो उठून आत गेला. बराच वेळ आला नाही. सोनाली माझ्याकडं रागानं बघत होती आणि मला वाटलं, मी हे करायला नको होतं. आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. सोनाली धावली. दादा एकटाच मशीन दारापर्यंत ओढत आला होता. आम्ही तिघांनी ते उचलून ओसरीवर त्याच्या जागी ठेवलं. दादा त्याच्या शेजारी खाली बसला, पायपट्टी हातानं मागंपुढं करून बघितली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "मग त्या डबीत आणखी उशीर हुतो का, का समदा टीव्हीतच हुतो?"

दादानं विचारलं, वहिनी. मी सांगितलं की दोन्हीकडं होतो. त्यानं सगळं पुन्हा सांगायला लावलं.

संध्याकाळी तामलवाडीहून तुमचे चुलते आले, त्यांना यायला उशीर झाला होता. रीतीप्रमाणं ते दादाशेजारी बसले आणि रीतीप्रमाणं हळहळले की दुखण्यानं पोरीची नजरसुद्धा नेली म्हणे. मी दादाकडं बघत होतो. त्यानं घसा साफ केला.

"न्हाय," तो म्हणाला. "तिला शेवटपर्यंत दिसत हुतं. टीव्ही नवा हुता."

म्हाताऱ्याला काही कळलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि चहा बशीत ओतला. दादानं त्यांची बशी संपेपर्यंत वाट बघितली, मग त्यांच्याकडं सरकून बसला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.